जावेच्या ओटीतली लेक

"तुमचीच का हो पोर?" लाँचमध्ये शेजारी बसलेल्या बाईने विचारलं.

मी दगूच्या फ्रॉकचा पट्टा मुठीत घट्ट धरून बसले होते. पावणेतीन वर्षांचं ते कार्टं कठड्यावरून अर्धं बाहेर लोंबकळत धरणाच्या पाण्याला हाका मारत होतं. मुंबईहून सातारा, साताऱ्याहून बामणोली आणि आता ही लाँच. एवढ्या प्रवासात ती तीनदा ओकली होती, दोनदा हरवली होती आणि एका म्हाताऱ्या गृहस्थाचा चष्मा तिने खिडकीतून बाहेर टाकला होता. माझे हात खांद्यापासून गळून पडायचे बाकी होते.

"नाही," मी म्हणाले. "जावेची आहे."

"व्हय? तोंडावळा तर तुमचाच दिसतोय."

"चुलतीवर गेलीय."

तेवढ्यात दगूने मागे वळून हाक मारली, "काकू, बघ, मासा!" बाईची खात्री पटली. ती पलीकडच्या बाईशी बोलायला लागली.

आता खरं सांगते. दगू माझीच. माझ्याच पोटची. तिच्याआधी मला दोन मुलगे झाले. पहिला अकरा दिवसांचा होऊन गेला, दुसरा सव्वा महिन्याचा, दोन्ही वेळा गावच्याच घरात. तिसऱ्या वेळी दिवस राहिले तेव्हा सासूबाईंनी निरोप धाडून मला पुन्हा गावी बोलावून घेतलं. पोरगी झाली. बाराव्या दिवशी त्यांनी तिला सुपात घातलं आणि केर ठेवतात तसं ते सूप उंबऱ्याबाहेर नेऊन ठेवलं. माझ्या थोरल्या जाऊबाई, गोदाक्का, बाहेरून आल्या, त्यांनी पोर उचलून ओटीत घेतली आणि माझ्या पदरात पायलीभर नाचणी ओतली. "नाचणी तुझी, पोर माझी," असं तीनदा म्हणाल्या. माझ्या नशिबाला पोरं टिकत नव्हती ना, मग पोर माझी नाहीच! जावेची. मी नुसती दूध पाजणारी. नाव ठेवलं दगडाबाई, म्हणजे कुणी वळूनसुद्धा बघू नये.

पोर धडधाकट राहिली तर तीन वर्षं भरायच्या आत तिला सोडवून आणायची. मी पायलीभर नाचणी परत द्यायची, गोदाक्काने देवापुढे पोर माझ्या पदरात घालायची आणि "तुझी तुला" म्हणायचं. मग मी आई. तोवर काकू.

सासूबाईंनी एवढंच सांगितलं होतं की पोरीला आई म्हणू द्यायचं नाही. पण मी त्यांच्या चार पावलं पुढे गेले. तुर्भ्याच्या खोलीत गोदाक्काचा फोटो लावला. रोज सकाळी पोरीला कडेवर घेऊन त्याच्यापुढे उभी राहायची. "ही कोण? आई. आई कुठे असते? गावाला." घास भरवताना एक घास आईचा, एक काकूचा. चाळीतल्या बायका म्हणायच्या, शैले, डोकं फिरलंय तुझं. फिरलं होतंच! दोन पाळणे रिकामे झालेल्या बाईचं डोकं जागेवर राहतं होय?

तर ती पोर सोडवायला मी चालले होते. यांना माथाडीच्या कामातून सुटी मिळेना, म्हणून मी एकटीच. पिशवीत दोन फ्रॉक, चिवडा आणि तुर्भ्याच्या दुकानातून घेतलेली पायलीभर नाचणी. जिथे घरोघर नाचणी पिकते तिथे मी मुंबईहून नाचणी घेऊन निघाले होते, पण रिकाम्या हाताने जायला मन तयार होईना.

आमचं दांडवली म्हणजे तीन बाजूंनी पाणी आणि चौथ्या बाजूला डोंगर. लाँच एक दिवसाआड यायची, सकाळी नऊच्या सुमाराला. ती चुकली की दोन दिवस गप बसायचं.

गोदाक्का काठावरच उभी होती. मी दगूला खाली उतरवलं. तिने जावेकडे एकदा बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि "आई!" म्हणून चिखलातून धावत सुटली. पोरीला फोटो चांगलाच पाठ झाला होता. गोदाक्काने तिला उचललं, छातीशी धरलं आणि तिच्या मानेत तोंड खुपसून रडली. काठावरच्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. मी पिशव्या घेऊन मागे उभी. चरफडले, पण कुणावर चरफडायचं? शिकवलं कुणी? मीच.

"आक्का, उद्या उरकून घेऊ या," जेवताना मी विषय काढला. "परवाच्या लाँचेने जाते. यांच्या जेवणाचे हाल होतायत."

"बघू की," गोदाक्का म्हणाली. "आत्ताच तर आलीस. दम तर खा."

दुसऱ्या दिवशी मी आंघोळ करून, लुगडं बदलून, नाचणीचं मडकं घेऊन देवापुढे उभी राहिले. गोदाक्का हात पुसत आली. तिने नाचणी ओंजळीत घेतली, वास घेतला.

"ही दुकानातली."

"मग?"

"चालायची न्हाई. म्या दिली ती रानातली व्हती."

"मग घरातली काढा पायलीभर."

"घरातली माझीच की. माझीच मला दिऊन कशी सुटंल पोर?"

बोलणं बिनतोड होतं. मी ताडकन उठले, शेजारच्या अनुसयाबाईंकडे गेले, माझी दुकानातली नाचणी त्यांना दिली आणि त्यांच्या रानातली मापून आणली. येईपर्यंत दुपार टळली. गोदाक्का म्हणाली, आता दिवस कलता झाला, कलत्या दिवसाचं असलं काम करत नाहीत. आणि उद्या? उद्या म्हणे सासूबाईंची तिथी, त्या दिवशी घरातलं माणूस कुणाला द्यायचं नाही. सासूबाई वर्षापूर्वी गेल्या होत्या. त्या असत्या तर एका शब्दात काम झालं असतं. आता घरात शब्द चालायचा तो भावजींचा.

भावजी म्हणजे थोरले दीर, गोदाक्काचे मालक. आमच्यात थोरला दीर धाकट्या भावजयीशी समोरासमोर बोलत नाही. तिने डोक्यावरून पदर घेऊन आडोशाला उभं राहायचं. दोघांमध्ये कुणीतरी तिसरं लागतं. तिसरं माणूस नसलं तर भावजी बैलाला सांगायचे. "का रं सर्ज्या, मुंबईची मंडळी चहा घेणार का?" असं. आणि मी आतून भांडं वाजवायचं, म्हणजे हो.

सासूबाईंची तिथी झाली आणि पहिली लाँच गेली. त्यानंतरच्या दिवशी गोदाक्काला ताप आला. खरा की खोटा, देव जाणे. पांघरूण घेऊन पडून राहिली, दगू तिच्या उशाशी बसून तिच्या बांगड्या मोजत होती. मी कपाळाला हात लावून बघितलं तर कपाळ माझ्यापेक्षा गार! पण थोरली जाऊ, वर आजारी म्हणून पडलेली, तिला खोटारडी कोण म्हणणार?

दुसऱ्या लाँचेच्या दिवशी मी पहाटे उठून बघते तर अंथरुणात दगू नाही आणि गोदाक्काही नाही. दोघी वरच्या रानात गेल्या होत्या. मी डोंगर चढून गेले, ओरडून ओरडून घसा बसला. त्या सापडल्या नाहीत. वरून खाली बघितलं तर लाँच काठाला लागलेली, मग सुटलेली, मग पाण्यावर लहान लहान होत गेलेली. मी तिथेच दगडावर बसले आणि मोठ्याने शिव्या दिल्या. ऐकायला माकडं होती फक्त.

दोघी परत आल्या तेव्हा दगूच्या केसांत रानफुलं होती आणि तोंड करवंदांनी काळं झालं होतं.

"आक्का, हे बरं नाही," मी म्हणाले.

"काय बरं न्हाई? पोरीला करवंदं दावली."

"तुम्हाला द्यायची नाहीये ती. सरळ सांगा ना."

गोदाक्काने माझ्याकडे बघितलं नाही. दगूचं तोंड ओल्या पदराने पुसत राहिली. मग एवढंच म्हणाली, "तुला न्हाई कळायचं, शैले."

त्या संध्याकाळी भावजी ओटीवर बसले होते, मी आत चुलीपुढे. बाहेरून आवाज आला, मुद्दाम मला ऐकू येईल असा.

"सर्ज्या, मी म्हंतो, पोर हितं रमली. आईला आई म्हंती. मुंबईत त्या खुराड्यात काय हाय? धाकटीचं वय लहान हाय, तिला हुईल दुसरं. आमचं काय, आमचं वय गेलं. बबन माझा धाकटा भाऊ, माझ्या शब्दाबाहेर न्हाई. पत्र टाकतो त्याला."

मी हातातलं उलथनं तसंच धरून राहिले. तव्यावर भाकरी करपली. बाहेर जाऊन ओरडावं, माणसाला गदागदा हलवावं असं वाटत होतं, आणि जाता येत नव्हतं. पदर, आडोसा, बैल. आणि खरं सांगायचं तर तेवढंच नव्हतं. समजा पोर उचलून मी पळून गेले, जंगलातून चालत गेले, कशी का होईना मुंबई गाठली, तरी ती सुटलेली नव्हती. जावेने तोंडाने "तुझी तुला" म्हटल्याशिवाय नेलेली पोर म्हणजे चोरलेली. आणि चोरलेली पोर माझ्याकडे आली की तिसरा पाळणा रिकामा व्हायला किती वेळ? तुम्ही हसाल. मीसुद्धा दुसऱ्याचं ऐकून हसले असते. पण ज्याची दोन गेली त्याला हसू येत नाही.

गोदाक्का दारात उभी होती. नवऱ्याचं सगळं बोलणं तिने ऐकलं. हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. मी समजायचं ते समजले.

जेवण झाल्यावर मी दगूला जवळ ओढलं. तिने पाय झाडले. "नको काकू. आईजवळ!" आणि जाऊन गोदाक्काच्या कुशीत शिरली. माझी छाती जळाली. मी त्या पोरीला पाजलं, तिची दुपटी धुतली, तिला गोवर आला तेव्हा सात रात्री बसून काढल्या. आणि आई कोण? भिंतीवरचा फोटो!

तिसरी लाँच रविवारची. मी ठरवलं होतं. काय व्हायचं ते होवो.

गोदाक्का पाणी आणायला गेली तशी मी दगूला उचललं, पिशवी काखेला मारली आणि उताराला लागले. दगूला पत्ता लागला आणि तिने जे भोकाड पसरलं! "आई! आईकडं!" हातपाय आपटत, माझे केस ओढत, मला चावत. मधेच मी तिला खाली ठेवलं आणि एक थप्पड मारली. आयुष्यात पहिली. ती दचकून गप्प झाली आणि माझ्याकडे परक्या बाईकडे बघावं तशी बघायला लागली. मी पुन्हा तिला उचललं आणि पळत खाली आले.

लाँच लागली होती. चार-सहा माणसं चढत होती. आणि काठावर भावजी उभे होते, हात मागे बांधून.

"पांडा," ते लाँचवाल्याला म्हणाले, "त्या पोरीला चढवू नगंस. बाईमाणसाला जायचं आसंल तर जाऊ दे. पोर आमची हाय."

पांडाने फळी मागे ओढली. गावचाच माणूस, भावजींच्या शब्दाबाहेर कसा जाणार? माझ्यासमोर वीतभर पाणी होतं आणि मला ते ओलांडता येत नव्हतं.

माझ्या डोक्यात काय झालं कोण जाणे. मी डोक्यावरचा पदर मागे टाकला.

"भावजी, माझ्याशी बोला. बैल नाहीये इथे."

भावजींनी तोंड पाण्याकडे फिरवलं. भावजय उघड्या डोक्याने समोर उभी राहून बोलते म्हणजे काय!

"तिकडे काय बघताय? इकडे बघा," मी ओरडले. "पोर तुमची कशी हो? मी नऊ महिने वागवली. माझं दूध पिऊन वाढली. माझी आहे! माझी लेक आहे ही! माझी!"

आणि मला कळलं मी काय बोलले.

पावणेतीन वर्षं जे चाळीत, दवाखान्यात, देवळात, झोपेतसुद्धा तोंडातून निघू दिलं नव्हतं ते मी भर सकाळी, उघड्यावर, दहा माणसांपुढे तीनदा ओरडून सांगितलं होतं. मी दगूचं डोकं पदराखाली झाकलं, जणू वरून काही येऊन पडणार होतं. दगूला काय कळणार? ती हुंदके देत माझ्या खांद्याला चिकटली होती. तिचं अंग मला गरम लागायला लागलं. मी तिच्या नाकाला बोट लावून श्वास बघितला. खोटं सांगत नाही, त्या क्षणी मला ती मेलीच असं वाटलं.

"खोटं!"

उतारावरून गोदाक्का पळत येत होती. डोक्यावरची घागर कुठेतरी टाकलेली, लुगडं भिजलेलं. "खोटं बोलती ती! माझी हाय पोर! कुणी तिचं ऐकू नगा! माझी हाय, माझीच हाय!"

मला वाटलं, संपलं. आता दोघं नवराबायको मिळून पोर काढून घेतायत. पण गोदाक्काने दगूला हात लावला नाही. ती माझ्यापाशी आली, माझ्या दोन्ही दंडांना धरलं आणि तोंड माझ्या कानाशी आणलं. तिला धाप लागली होती. तिचे दात वाजत होते.

"काय बोललीस गं हे? काय बोललीस? माझ्या तोंडून ते निघाया नगं म्हून मी पाच दिस तुला चुकवतीया, आन् तू आपल्या तोंडानं?"

"तुम्हाला ठेवून घ्यायची होती ना..."

"वाटलं. न्हाई वाटलं असं न्हाई. पर त्यापायी न्हाई, शैले." तिने मागे बघितलं, भावजी ऐकत नाहीत ना म्हणून. "तुझी दोन गेली तवा तू बाळंतीण. तुला दाखवलं न्हाई. सासूबाईंनी माझ्या हातात दिली. ह्या हातांनी मी माती लोटली त्यांच्यावर. दोघांवर. देवापुढं उभं ऱ्हाऊन 'तुझी तुला' म्हणाया जाते, आन् डोळ्यांम्होरं ती दोन गाठोडी येत्यात. तुझी म्हनलं की ही पण जायाची. माझी हाय तवर जिती हाय. मला न्हाई म्हणायचं ते. मरंपातूर न्हाई म्हणायचं."

पाच दिवस मी जिला चोर समजत होते ती माझ्याइतकीच घाबरलेली होती. माझ्याहून जास्तच. मी त्यांना पुरताना बघितलं नव्हतं, तिने बघितलं होतं. मी म्हणाले, "नका म्हणू आक्का." आणि खरंच, तिने म्हटलं असतं तर मीच कान झाकून घेतले असते.

मग गोदाक्का सरळ झाली. डोळे पुसले आणि असा काही आवाज काढला की पलीकडच्या काठाला ऐकू जावा.

"पांडा, फळी टाक! माझी पोर चुलतीसंगं मुंबईला चालली. नीट ने. माझी पोर हाय ती, जपून ने."

"अगं पर..." भावजी म्हणाले.

"पर काय? माझी हाय ना? तुमीच म्हनला आमची हाय. मग मी धाडती तिला. आईनं लेकीला कुठं धाडायचं ते आईनं ठरवायचं."

भावजींनी इकडेतिकडे बघितलं. आजूबाजूला बैलही नव्हता. पांडाने फळी टाकली. मी चढले. दगूने खांद्यावरून मागे बघत हात हलवला, "येते आई," म्हणाली, आणि लाँचच्या आवाजाने खूश होऊन लगेच तिला विसरली. लेकराची जात! गोदाक्का गुडघाभर पाण्यात उभी राहून, दिसेनाशी होईपर्यंत ओरडत होती. "माझी हाय गं, माझी हाय!" लाँचमधल्या लोकांना वाटलं, बाईला वेड लागलंय.

ती गोदाक्का गेल्या हिवाळ्यात गेली. दगू आता एकतीस वर्षांची, कागदावर तिचं नाव दुसरंच आहे, एका पोराची आई आहे. मोठी झाल्यावर खरं काय ते तिला कळलं, पण तोंडाने कुणी काढलं नाही. दर उन्हाळ्यात गावाला जायची, आईसाठी लुगडं न्यायची. दहाव्याला लेकीच्या नात्याने तीच रडली, मी चुलतीच्या नात्याने बाजूला बसले. मला वाईट वाटलं नाही. वाटलं तर एवढंच की आता तिला माझी आहे म्हणणारं कुणी उरलं नाही.

परतताना लाँचमध्ये ती माझ्या शेजारी बसली होती. तिने माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, "काकू, आता तरी तुला आई म्हणू का गं?"

इतकी वर्षं ज्याची वाट बघितली ते माझ्यापुढे आणून ठेवलं होतं पोरीने.

"नको," मी म्हणाले. "काकूच म्हण."

ती हसली. "अगं, वेडी का तू? एकतीस वर्षांची झाले मी."

"म्हणून तर," मी म्हणाले.